मेश्रामजींचे सहा रंग

कापसाच्या भावावर तर त्या वर्षांत आमचा सगळा जिल्हाच रागावलेला होता. मेश्रामजींचा राग मात्र थेट कापसावर होता.

ते सुती शर्ट घालत नसत. मे महिन्यात, यवतमाळातली माणसं नुसत्या बनियनवर ओट्यावर बसून वारा घेत असताना, मेश्रामजींच्या अंगात पूर्ण बाह्यांचा टेरिलीनचा शर्ट असे आणि मनगटाची बटणं लावलेली असत. रुमाल नायलॉनचा. त्यानं घाम पुसला जात नसे, नुसता कपाळावर इकडून तिकडे सरके. कुणी विचारलंच तर ते सांगत, "कापूस म्हंजे काचेचा वैरी." मग विचारणारा मुकाट्यानं पुढे जाई, कारण यापेक्षा जास्त खुलासा मिळत नसे.

काच म्हणजे फायबर. केसाएवढी बारीक काचेची तार, तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर बसून माणसांचं बोलणं एका गावाहून दुसऱ्या गावाला जातं. ती तुटली की दोन्ही टोकं समोरासमोर आणून वितळवून एक करायची, याला आमच्याकडे जॉइंट मारणं म्हणतात. वासुदेव मेश्राम आमच्या टेलिफोन खात्यात जॉइंट मारत. दारव्हा, बाभुळगाव, मारेगाव, कुठेही केबल तुटली की जीप त्यांना घेऊन निघे.

मी त्यांची साहेब होते. कागदावर. शतक बदलायला दोन-तीन वर्षं उरली असताना मी यवतमाळला इंजिनिअर म्हणून रुजू झाले. आमच्या घरात तीन पिढ्या टेबलखुर्चीवर बसून जगल्या, त्यामुळे काम म्हणजे काय, तर सही, असा माझा संस्कार. फायबरमधला उजेड किती घटतो याची सूत्रं मला तोंडपाठ होती. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहानं खड्ड्याजवळ गेले तेव्हा मेश्रामजींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मॅडम, ओढणी सुती हाये काय?"

"हो."

"मंग थोडं तिकडं. त्या लिंबाखाली."

माझ्या देखरेखीखाली झालेला पहिला जॉइंट मी असा तीस पावलांवरून, लिंबाखाली उभी राहून पाहिला. घरी येऊन आईला सांगितलं की काम फार जवळून शिकायला मिळतंय.

त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. खात्यानं नवं अवजार दिलं की जुनं जमा करायचं असा नियम होता. मेश्रामजी ते नियमाप्रमाणे जमा करत आणि भंगारात निघालं की रीतसर अर्ज करून परत आणत. त्यामुळे त्या पेटीत खालून वर असा त्यांच्या नोकरीचा सगळा इतिहास रचलेला होता. तळाशी ब्लोलॅम्प आणि शिशाचे तुकडे, कारण ते नोकरीला लागले तेव्हा केबलच्या तांब्याच्या तारा कागदात गुंडाळलेल्या असत आणि वरून शिशाची नळी असे. जॉइंट झाला की तापलेलं शिसं फडक्यानं पुसून गुळगुळीत करायचं. त्याच्यावर तांब्याच्या जेली भरलेल्या केबलची अवजारं. ती जेली रॉकेलनं पुसावी लागे, त्यामुळे त्या काळात हाताचा रॉकेलचा वास आठवडाभर जात नसे आणि बायको वेगळं ताट वाढी, असं ते सांगत. आणि सगळ्यात वर काचेची. त्यात एक पेनासारखं हत्यार होतं, टोकाला हिऱ्याएवढं कठीण पातं. त्यानं काचेवर नुसता ओरखडा काढायचा आणि तर्जनीवरून वाकवून टोक मोडायचं. तुकडा सरळ मोडला तर जॉइंट, नाहीतर पुन्हा. मेश्रामजींच्या तर्जनीला त्या जागी घट्टा पडला होता. पुढे हेच काम करणारं डबीसारखं यंत्र आलं, झाकण लावलं की टोक आपोआप सरळ कापलं जाई. त्यांनी ते वापरलं, पण प्रत्येक वेळी झाकण लावताना तर्जनी आपली जागा सोडून किंचित पुढे येई.

केबलचं शेवटचं टोक एक्स्चेंजमध्ये आणून त्याला कनेक्टर बसवणं हा तर अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होता. दोन ट्यूबमधला डिंक कालवायचा, काच त्यात बसवायची, भट्टीत भाजायची आणि मग काचेच्या पाटीवर बारीक कागद ठेवून टोक घासायचं. घासताना आठचा आकडा काढायचा. "इंग्रजी आठ," ते बजावत. "मराठी आठ काढला तं एकच बाजू घासल्या जाते." आमची भट्टी बिघडली आणि नवी यायला एक वर्ष लागलं. त्या वर्षभर त्यांनी कनेक्टर ट्यूबलाइटच्या तापलेल्या चोकवर ठेवून भाजले. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी दिवसाढवळ्या सगळ्या ट्यूब चालू काहून म्हणून विचारलं. मेश्रामजी म्हणाले, "सयपाक चालू हाये."

आता रंगांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या केबलमध्ये सहा तारा असत आणि ओळखता याव्यात म्हणून प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा लेप असे. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. जॉइंट मारताना रंगाला रंग जोडायचा. मेश्रामजींनी या सहांना स्वतःची नावं ठेवली होती: आपला, संत्रं, पोपट, गूळ, राख, कापूस. निळ्याला आपला काहून, हे यवतमाळात कुणाला विचारावं लागत नाही. त्यांच्या जीपमध्ये पुढच्या काचेला छोटासा निळा झेंडा असे. गंमत म्हणजे वर्षभरात सगळं ऑफिस हीच नावं घ्यायला लागलं. संध्यावंदन न चुकवणारे आमचे हेडक्लार्क फोनवर मारेगावला "तुमचा आपला चालू आहे का?" असं विचारू लागले. मी स्वतः एकदा दुकानात आईसाठी साडी घेताना "ती आपल्या रंगाची दाखवा" म्हणाले आणि आईनं मला बाहेर आल्यावर विचारलं की तुझं ऑफिसात सगळं ठीक आहे ना.

मेश्रामजींच्या जोडीला उत्तम राठोड नावाचे लाईनमन होते. दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचे. उंच, अबोल, पन्नाशीला टेकलेले. केबल सोलणं, तारा पुसणं, वेगळ्या करून हातात देणं हे त्यांचं काम. मेश्रामजी यंत्राशी मांडी घालून बसत आणि म्हणत, "म्हण." मग राठोड तार हातात ठेवताना मोठ्यानं म्हणत, "आपला." मेश्रामजी तेच पुन्हा म्हणत, "आपला." दुसऱ्या बाजूची तार, "आपला." पुन्हा "आपला." मगच ती यंत्रात जाई. असं सहा रंगांचं. ही रीत माझ्या येण्याआधी नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत, तीन-चार वर्षांनी सुरू झाली. मला ती फार आवडली. शिस्त म्हणजे अशी, असं मला वाटलं. मी त्यावर एक परिपत्रक काढलं की सर्व पथकांनी जॉइंट मारताना रंगांची नावं दोघांनी मोठ्यानं उच्चारावीत. वरून त्याची स्तुती झाली आणि ते इतर जिल्ह्यांतही पाठवलं गेलं.

दुसरी एक सवय. कापलेल्या काचेचे तुकडे ते जमिनीवर पडू देत नसत. फोटोच्या रोलची काळी डबी असे, तिच्यात प्रत्येक तुकडा टाकत. एखादा हरवला तर चिकटपट्टी बोटांना गुंडाळून सगळी जागा थोपटत, आणि तो मिळेपर्यंत जीप हलत नसे. एकदा मी घाई केली तेव्हा ते न बघताच म्हणाले, "इथून लोक अनवानी जातात, मॅडम. ज्याच्या पायात हे जाईन, तो आपल्याले फोन करून सांगनार नाही." मी घड्याळ बाहीत सरकवलं.

दारव्ह्याचा प्रसंग मी आल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामातला. कापूस खरेदी केंद्रापुढे गाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागली होती, पार पुलापर्यंत. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडर साहेबांची वाट पाहत माणसं तीन-तीन दिवस गाडीखालीच झोपत होती. बैल बांधायला एका म्हाताऱ्या काकांनी लोखंडी खुंटा ठोकला. पुलाजवळ केबल वर आलेली होती. खुंटा बरोबर तिच्यात गेला आणि दारव्ह्याचे सगळे फोन बंद झाले.

आम्ही पोचलो तेव्हा मेश्रामजींनी चारी बाजूंना पाहिलं. जिथे नजर जाईल तिथे कापूस. गाड्यांत, रस्त्यावर, काट्यांना लागलेला, हवेत उडणारा.

"गाड्या मागं घ्या," ते म्हणाले.

"नंबर जाईन न, भाऊ. तीन दिसापासून उभे हाओत."

"मंग कापसावर थोडं पानी मारा. उडनार नाही."

अख्खी रांग हसली. खुंटेवाले काका पुढे आले. "पानी मारलं तं ग्रेडर म्हनन ओला हाये, वापस ने. नाही मारलं तं तुमी म्हनता उडून राह्यला. कापसानं करावं तं काय?"

शेवटी लोकांनीच आपापल्या ताडपत्र्या काढल्या, जवळच्या गाड्या झाकल्या, आणि चौघांनी चार कोपरे धरून एक ताडपत्री मेश्रामजींच्या डोक्यावर तंबूसारखी उभी केली. तेव्हाचं यंत्र हातानं चालायचं. मायक्रोस्कोपमध्ये एक डोळा लावायचा, दोन्ही बाजूंच्या बारीक चक्रा फिरवत काचेची टोकं समोरासमोर आणायची आणि बटण दाबलं की मध्ये ठिणगी पडून ती वितळून एक होत. पहिला जॉइंट जळाला. दुसराही जळाला. मेश्रामजींनी डोळा काढला आणि म्हणाले, "कापूस."

खुंटेवाले काका ओणवे झाले. "पाहू द्या न."

मला वाटलं ते आता ओरडतील. पण ते सरकले आणि काकांनी डोळा लावला. यंत्राच्या मध्ये अडकलेला कापसाचा एक तंतू त्यांना दिसला असणार. मायक्रोस्कोपात तो ओंडक्याएवढा दिसतो. काका बराच वेळ हलले नाहीत.

"एवढा लांब धागा!" ते म्हणाले. "अन् ग्रेडर म्हन्ते आखूड हाये. भाऊ, हे यंत्र घेऊन सेंटरवर चाला न माह्यासंग."

मेश्रामजींनी तंतू चिमट्यानं उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा कामाला लागले. दोन तास माणसं ताडपत्रीचे कोपरे धरून, शिंक दाबून उभी राहिली. सहाही जॉइंट झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुरुस्त झालेल्या लाईनवरून आलेला पहिला फोन खरेदी केंद्रावर वाजला: ग्रेडर साहेब आणखी दोन दिवस येणार नाहीत.

बातमी रांगेतून मागे मागे सरकत पुलापर्यंत आली. काका मेश्रामजींना म्हणाले, "जोडलं कायले मंग?"

मेश्रामजी काचेचे तुकडे डबीत टाकत होते. परतताना अर्ध्या वाटेत, मी काही विचारलं नसताना म्हणाले, "बातमी आपली नाही. लाईन आपली." मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल आणि त्या काकांबद्दलही फार वाईट वाटलं, आणि त्याचं करायचं काय ते कळलं नाही, म्हणून मी परिपत्रकांच्या फाईलला हात घातला.

पुढे पडद्याचं यंत्र आलं. सुटकेसमध्ये बसून, जीपमध्ये त्याला स्वतंत्र सीट. तारा आत ठेवायच्या, झाकण लावायचं. यंत्र स्वतःच टोकं हलवतं, जुळवतं, ठिणगी टाकतं आणि उजेड किती घटला तो आकडा पडद्यावर लिहून दाखवतं. मेश्रामजी त्याला टीव्ही म्हणत. सुरुवातीला त्यांनी त्याच्याशी वैर धरलं. यंत्रानं आकडा दाखवायच्या आधी ते आकडा सांगत, आणि राठोड वहीत दोघांचे आकडे लिहीत; मागून एक्स्चेंजमधून मोजल्यावर ज्याचा आकडा खरा ठरे त्याला एक गुण. महिनाभरात मेश्रामजी चाळीस, टीव्ही एकेचाळीस अशी स्थिती आली तेव्हा वही हरवली. त्यानंतर मात्र त्यांचा विरोध मावळला. इतका, की हातचं यंत्र जमा करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच ते परत मागण्याचा अर्ज केला नाही. मी म्हटलं, वय झालं, माणूस निवळतो. पडद्यावर सगळं मोठं दिसतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी सूत्रं पाठ केलेली बाई.

मारेगावची केबल एका पोकलेननं उपटली तेव्हा राठोड मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. मी दुसरा लाईनमन देते म्हटलं. मेश्रामजी म्हणाले, गरज नाही. दुपारपर्यंत त्यांचा निरोप आला की जॉइंट झाले, आकडे उत्तम, खड्डा बुजवला. पण मारेगाव काही सुरू होईना. मी यवतमाळच्या एक्स्चेंजमध्ये बसून विचार केला. मारेगावचं सगळं बोलणं राख आणि कापूस या दोन तारांवर चाले, एकीवरून जाणारं आणि दुसरीवरून येणारं. या दोन उलटल्या तर दोन्ही टोकं नुसती बोलत राहतात, ऐकत कुणीच नाही. मी मारेगावच्या ऑपरेटरला दोन कनेक्टर अदलाबदल करायला सांगितले. लाईन आली. एक मिनिटाचं काम.

मेश्रामजी परत आल्यावर मी चहा मागवला आणि सहज सांगितलं, "राख-कापूस उलटले होते. मी तिकडून सरळ करून घेतले."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजे वरून सरळ. जमिनीत उलटंच हाये."

"काय फरक पडतो? चालू आहे ना."

"उद्या दुसरा कोनी खोलन, रंगाले रंग जोडन, अन् मारेगाव पुन्हा बंद पडन. त्याले कसं कयन? मी खोलतो."

चालू लाईन तोडायला परवानगी मिळवून, राठोड परतल्यावर, आम्ही तिघं गेलो. ऐन सकाळचं लख्ख ऊन होतं. खड्डा उकरल्यावर मेश्रामजींनी जॉइंट झाकणारी पेटी उघडली, दोन तारा वेगळ्या काढल्या आणि उन्हात धरल्या. मी आता सिंथेटिक साडी नेसून दोन हातांवर उभी होते. राखाडी तार पांढरीला जोडलेली मला स्पष्ट दिसत होती.

मेश्रामजींनी ती जवळ आणली, लांब नेली, तिरपी केली. मग म्हणाले, "बरोबरच तं हाये, मॅडम. ही राख. हा कापूस."

राठोडांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. मी पण जमिनीकडे पाहिलं. राठोड हलकेच म्हणाले, "उलटं हाये, भाऊ."

मेश्रामजींनी एकदा पुन्हा प्रयत्न केला. मग दोन्ही तारा राठोडांच्या हातात दिल्या, मांडी घातली, यंत्राचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "म्हण."

राठोड म्हणाले, "राख." मेश्रामजी म्हणाले, "राख." आणि माझं ते गाजलेलं परिपत्रक मला कळलं.

मारेगावचे कनेक्टर पुन्हा मूळ जागी लावून घेतले आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर मेश्रामजी पुढे बसून झोपल्यासारखे होते. मी मागे राठोडांना कुजबुजत विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्स झाले असन."

"सांगितलं काहून नाही?" मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

"त्याईच्या हाताले जॉइंट येते, माह्या डोयाले रंग येते. दोघाईचा मिळून एक जॉइंटर होते, मॅडम. खात्याले एकच तं पाहिजे."

मी रजिस्टरमध्ये 'तांत्रिक कारण' लिहायचं ठरवलं. या दोन शब्दांत आमच्या खात्यात काहीही मावतं. मेश्रामजींना निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती, आणि डोळे अधू असलेल्या जॉइंटरला तक्रारींच्या टेबलावर बसवायचं असा नियम होता. पण ऑफिसात आल्यावर त्यांनी माझ्या हातातून रजिस्टर घेतलं, नाक पानाला टेकेल इतकं वाकून लिहिलं, "राख-कापूस उलटे जोडले. चूक माझी. रंग दिसत नाहीत." आणि खाली सही.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी ओरडले, "आता मला तुम्हाला टेबलावर बसवावं लागेल! कशाला लिहिलंत? आणि दोन वर्षांत एकदा डॉक्टरकडे जायला काय झालं होतं?"

ते उभेच होते. "बापाचा डोया ऑपरेशननंच गेला," ते म्हणाले. "शिबिरात. गेला तवा अर्धा दिसे, आला तवा काहीच नाही. मी मनात म्हटलं, अर्धं तं अर्धं. जॉइंट तं होऊन राह्यले." मग रजिस्टर मिटून माझ्यापुढे सरकवत, "टेबलावर बसून दिवसभर 'नोंद केली, नोंद केली' म्हननं, हे माह्याच्यानं होनार नाही, मॅडम. त्यापेक्षा घरी बसतो."

एवढंच होतं त्यांच्याजवळ. खड्ड्याशेजारची ती मांडी घालायची जागा. ती जाऊ नये म्हणून दोन वर्षं एक माणूस आंधळेपणानं जॉइंट मारत होता आणि दुसरा त्याचा डोळा होऊन शेजारी बसत होता, आणि मी त्याला शिस्त समजत होते. मला माझीच लाज वाटली, अजूनही वाटते.

दारात राठोड उभे होते. ते कधी नव्हे ते आत आले, मेश्रामजींच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "चाला, दवाखान्यात. मी हाओ न सांगाले."

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना. आधी एक झाला, महिन्यानं दुसरा. दोन्ही वेळा राठोड खाटेजवळच्या स्टुलावर बसून होते. मेश्रामवहिनींनी मला सांगितलं की पट्टी सुटली तेव्हा मेश्रामजींनी आधी बायकोकडे पाहिलं नाही, तिच्या लुगड्याकडे पाहिलं, आणि रंग सांगितला. बरोबर होता, असंही त्या म्हणाल्या.

डॉक्टरचा कागद घेऊन ते कामावर आले आणि मी मोठ्या आनंदानं तक्रारींच्या टेबलाचा आदेश फाडला. बाभुळगावच्या वाटेवर पहिला खड्डा लागला. काळा चष्मा लावून त्यांनी तारा उन्हात धरल्या आणि बराच वेळ पाहत राहिले.

"कापूस एवढा पांढरा होता काय?" त्यांनी विचारलं.

"होता," राठोड म्हणाले.

मेश्रामजींनी मांडी घातली. चष्मा नीट केला. "म्हण."

"आता तं दिसते तुमाले."

"दिसते. म्हण."

राठोड म्हणाले. निवृत्तीपर्यंत म्हणत राहिले. माझं परिपत्रक आम्ही मागे घेतलं नाही. ते अजून कुठेतरी लागू असेल.

मी मेश्रामजींना शेवटचं पाहिलं त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या घरी फायबर येणार होतं, नातवंडांसाठी. मला मुद्दाम बोलावलं. राठोडही तांड्यावरून आले होते आणि काठी मांडीवर आडवी घेऊन खुर्चीत बसले होते. एका खाजगी कंपनीची एक टेक्निशियन बाई खांद्याला छोटी पिशवी लावून आली. तिच्याकडे यंत्र नव्हतं, भट्टी नव्हती, डिंक नव्हता. तिनं तार सोलली, कापली, तयार कनेक्टरमध्ये सरकवली आणि टोपण दाबलं. मेश्रामजींनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दोन मिनिटं. त्यांच्या अंगात टेरिलीनचा शर्ट होता, मनगटाची बटणं लावलेली.

"यात रंग किती?" त्यांनी विचारलं.

"एकच तार असते काका. रंग कायले पाहिजे?"

तिचा पहिला कट चुकलेला होता. निळ्या लेपाचा बोटभर तुकडा तिनं कापून टाकला होता आणि तो फरशीवर कुठेतरी पडला होता. मेश्रामजींनी काळी डबी मागवली. मग गुडघ्यांवर हात टेकून, सत्तरी उलटलेला तो माणूस हळूहळू खाली बसला आणि बोटांना चिकटपट्टी गुंडाळून फरशी थोपटू लागला. बाई म्हणाली, राहू द्या काका, मी झाडून घेते. त्यांनी ऐकलं नाही.

राठोडांनी खुर्चीतून मान वाकवली. कुणी म्हण म्हटलेलं नव्हतं.

"आपला," ते म्हणाले. "खाटेच्या पायाजवळ."

"दिसला," मेश्रामजी म्हणाले, आणि तो उचलून त्यांनी डबीत टाकला.